बिअरमधून बिअर वजा जाता

आमच्या पेठेतल्या दिनकर आण्णांना कुणी नवी वस्तू दाखवली की ते ती हातात घेत नसत. आधी विचारत, "पडली कितीला?" समोरच्याने किंमत सांगितली की मान हलवत. "ही किंमत झाली. पडली कितीला? रिक्षानं गेलतासा न्हवं? वाटंत च्या पिलासा. बायकूसंगट भांडान झालं असंल, त्येचं काय धरलंय का न्हाय?" किंमत दुकानात कळती, पडतं घरात कळतंय, हे त्यांचं वाक्य. ते त्यांनी लग्नात म्हटलेलं मी ऐकलंय, बारशात ऐकलंय, आणि एकदा तर तिरडीचे बांबू बघताना ऐकलंय.

ते जाऊन आता दीड वर्ष होईल. अजून मी काही विकत घेतलं की परतताना पावलं आपोआप रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला वळतात. तिथून त्यांची म्हैस दिसत नाही आणि म्हशीशेजारची रिकामी खुर्ची पण दिसत नाही.

आण्णा एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत तीसेक वर्षं होते. रसाची गोडी मोजायची, उष्णता मोजायची, वहीत लिहायची. निवृत्त होताना बाकीच्यांनी घड्याळ घेतलं, यांनी जुना थर्मामीटर मागून घेतला. लोकांच्या खिशाला पेन असतं, आण्णांच्या खिशाला थर्मामीटर. चहा आला की तो कपात बुडवायचा. "बहात्तर. थांबा जरा." साठवर आल्याशिवाय ओठाला लावायचा नाही. पाहुण्याच्या कपातही बुडवत, आधी शर्टाला पुसून. माझी बायको त्यांना चहा द्यायच्या आधी फुंकर मारून आणायची, तर म्हणत, "वहिनी, अठ्ठावन्न हाय. घाई केलासा."

आणि बिजली. बिजली त्यांची म्हैस. भर पेठेत, दोन चारचाक्यांच्या मध्ये, पत्र्याच्या छपरात बांधलेली. कपाळावर पांढरा ठिपका, शिंगं मागे वळलेली, नजर शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखी. मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. एकवीस वर्षं पोरांनी माझ्याकडे जसं बघितलं नाही तसं बिजली बघायची. तिच्यासमोरून चड्डीवर जायची मला लाज वाटे.

त्या मे महिन्यात आण्णांचा मुलगा सुहास पुण्याहून आला आणि त्याने बापाचंच हत्यार बापावर चालवलं. पेंडीचा दर, वैरणीचा दर, डॉक्टरची फी, सगळं कागदावर मांडलं आणि म्हणाला, "आण्णा, घरच्या दुधाचं पडतं ब्याऐंशी रुपये लिटर. पिशवी चौऱ्याहत्तरला दारात येते. तुम्हीच आयुष्यभर सांगितलंत, जे पडत नाही ते घरात ठेवायचं नाही."

मी तिथेच बसलो होतो. आण्णांनी कागद दोनदा तपासला. चूक सापडेना. माणसाला स्वतःचं गणित बरोबर आल्याचं एवढं वाईट वाटलेलं मी कधी बघितलं नाही.

"दिवाळीच्या पाडव्यापतोर थांब," ते म्हणाले. "पाडव्याला एकदा पळवू दे तिला. तवर नाय बसलं गणित, तर मीच दावं सोडून देतो गिऱ्हाईकाच्या हातात."

काकू आतून म्हणाल्या, "दावं सोडतासा, आन मग सांजंला कुणाशी बोलत बसणार? माझ्याशी?"

आण्णा कागदाची घडी घालत बसले. यावर कोल्हापुरातला कुठलाही नवरा काही बोलत नाही.

त्याच आठवड्यात मी बिअर काढायला घेतली.

त्याचं असं झालं की सुट्टीत मेव्हण्याकडे बेंगळुरूला गेलतो. त्याने मला अशा ठिकाणी नेलं जिथे बिअर समोरच तांब्याच्या टाक्यांत बनत होती. एक ग्लास झाल्यावर मला वाटलं, हे धान्यापासून होतं आणि आपण शेतकऱ्याची जात. दुसरा ग्लास झाल्यावर मी हिशेब केला. तिसऱ्यानंतर तो मेव्हण्याला ऐकवला. जवाची किंमत अमुक, पाणी फुकट, म्हणजे घरी बाटली वीस रुपयाला. परत आल्यावर हाच हिशेब आण्णांना सांगितला.

"वीस?" आण्णा म्हणाले. "मास्तर, नुसती बाटली धुवायला वीस लागतील."

"पैज?"

"पैज न्हाय. वही."

त्यांनी कोनाड्यातली एक कोरी वही काढली आणि पहिल्या पानावर 'मास्तरांची बिअर' लिहिलं. तिथून माझं वाटोळं सुरू झालं.

पहिली चूक मी अभिमानाने केली. मोठ्या दुकानातून पांढरेशुभ्र, गोल, मोत्यासारखे जव आणले, पाच किलो. महाग होते, पण दिसायला असे की वाटावं हे बिअर व्हायलाच जन्मले. बिअरसाठी धान्याला आधी मोड आणायचे असतात एवढं मी वाचलं होतं. रात्रभर भिजवले, ओल्या पोत्यात बांधले, दिवसातून तीनदा पाणी शिंपडलं. चौथ्या दिवशी पोत्यातून असा वास सुटला की बिजलीने मान फिरवली. मोड एकालाही नाही.

आण्णांनी एक दाणा नखाने चिरला. "पॉलिश हाय. वरचं साल काढलंय, कोंब काढलाय. ह्येचा जीव कवाच गेलाय मास्तर. तुमी चार दिस मड्याला पाळण्यात घालून हलवत बसलायसा."

ते पाच किलो वहीत लिहिले गेले. मी म्हणालो, "आण्णा, ते धरू नका, ते शिकण्यात गेले."

"मग शाळंची फी म्हणून धरतो."

दुसऱ्या खेपेला ते स्वतः बाजारात आले आणि सालासकट, मातकट, अजिबात देखणे नसलेले जव घेतले, अर्ध्याहून कमी पैशात. आणि मग काकू मैदानात उतरल्या. मोड हा विषय त्यांचा. पेठेत मिसळीचा बेत असला की मटकी काकूंकडे भिजायला यायची, कारण त्यांच्या हातच्या मटकीचा मोड मोडत नसे. त्यांनी माझं पोतं बघितलं आणि पायाने बाजूला सारलं.

"पाणी शिंपडायचं न्हवं, हात फिरवायचा. खालचं वर, वरचं खाली. त्यास्नीबी उकडतंय की."

पाच दिवस त्या सकाळ-संध्याकाळ हात फिरवत होत्या. पाचव्या दिवशी प्रत्येक दाण्याला शेपटी. गच्चीवर वाळवले, गिरणीत भरड काढून आणली, आणि रविवारी सकाळी आमच्या मागच्या अंगणात पातेलं चढलं.

मी आण्णांना त्या दिवसाइतकं तरुण कधी बघितलं नाही. भरड गरम पाण्यात टाकली आणि ते थर्मामीटर धरून पातेल्यापाशी उभे राहिले, एक तास, खुर्ची नको म्हणाले. "पासष्ट. गॅस बारीक. सदुसष्ट, बंद करा. मास्तर, बंद करा म्हंतोय, बायकूकडं काय बगतायसा?" धान्यातल्या पिठाची साखर होत होती. मधेच त्यांनी औषधाच्या डबीतलं आयोडीन काढलं, बशीत रसाचा थेंब घेतला, त्यात आयोडीन सोडलं. निळं झालं. "पीठ हाय अजून." वीस मिनिटांनी परत. फिकट. शेवटच्या थेंबाला रंग बदललाच नाही. तेव्हा त्यांनी बोटाने रस चाटला आणि डोळे मिटले.

"तीस वर्सं उसाची साखर बगिटली," ते म्हणाले. "दाण्यातनं साखर हुताना आज बगिटली."

रस काकूंच्या जुन्या लुगड्यातून गाळला. खाली रस, वर लुगड्यात चोथा, ओला, उबदार, ताज्या भाकरीसारखा वास. तो ठेवायला जागा नव्हती म्हणून काकूंनी बिजलीच्या घमेल्यात ओतला. याची नोंद कुणी केली नाही. मी तर नाहीच. मी परदेशी कडू फुलं रसात टाकून उकळण्यात गुंग होतो. त्या फुलांची पुडी नऊशे रुपयांची होती आणि ती मी बायकोपासून लपवायला भूगोलाच्या नकाशात गुंडाळून ठेवली होती.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते आठवलं की अजून कानात दडे बसतात. रस निवला, त्यात यीस्ट घातलं, दहा दिवस फसफसला, पंधरा बाटल्या भरल्या. फेस यावा म्हणून प्रत्येक बाटलीत थोडी साखर घालायची असते. मी कोल्हापूरचा. मी गुळाचा खडा घातला. खडा केवढा, हे मोजायला आण्णांना बोलवायला हवं होतं, पण ते दुपारी झोपले होते.

तिसऱ्या दिवशी टळटळीत उन्हात पहिली बाटली फुटली. मग दुसरी. मग चारपाच एका दमात. शेजारी विचारायला आले, निकाल कसला लागला आणि गुलाल कुठं हाय? नऊ बाटल्या गेल्या. उरलेल्या सहा आण्णांनी डोक्यावर घमेलं धरून, एकेक करून, बर्फाच्या बादलीत नेल्या. सत्तरी ओलांडलेला माणूस बाँबपथकासारखा चालला होता आणि मी पत्र्याच्या दाराआडून त्यांना सूचना देत होतो.

संध्याकाळी वही उघडली. मी माझा हिशेब आधीच करून ठेवला होता. "आण्णा, वीस नाही जमलं, मान्य. पण बाटली एकशे तीसला पडली. दुकानापेक्षा स्वस्त."

"भागलं कितीनं?"

"पंधरानं."

"फुटल्याली नऊ कोण पिलं?"

मी माझा कागद खिशात घातला.

"मोत्याचं जव कुठायत? गॅस? बरफ?" ते लिहीत गेले. आणि मग थांबून त्यांनी एक ओळ लिहिली, ती मला उलट्या बाजूनेही वाचता आली. 'सौ.ची मजुरी, पाच दिवस, पाचशे रुपये.'

काकू दारात उभ्या होत्या. "ही कशापायी?"

"मोड कुणी आणलं?"

"मी तर रोजच कायतरी करतोय. ते कवा लिवलं न्हाईसा."

आण्णांनी चष्मा काढला. "व्हय. ते चुकलंच. मग समदीच पडती चुकली म्हणायची माझी." हिशेब चुकला असं त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. काकू आत गेल्या, पण भांडी त्या संध्याकाळी जरा गाण्यासारखी वाजत होती.

एकूण तीन हजार दोनशे साठ. भागिले सहा. बाटली पाचशे त्रेचाळीस रुपयांना.

त्यातली एक उघडली. दोन ग्लास भरले. आण्णांनी थर्मामीटर बुडवला, "नऊ" म्हणाले, एक घोट घेतला, बराच वेळ तोंडात ठेवला. "बरी हाय," ते म्हणाले. "पर पाचशे त्रेचाळीसची न्हाय."

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण आण्णांना वहीत एक खण रिकामा दिसला. परवाना. सरकारची फी किती ते धरल्याशिवाय पडतं पुरं होत नाही, म्हणून सोमवारी ते मला घेऊन संबंधित कचेरीत गेले. मला वाटलं आत चौकशी करून येतील. त्यांनी टेबलावर वहीच उघडली.

"साहेब, घरात धा लिटर बिअर काढायची फी किती?"

साहेब तरुण होता. त्याने वही वाचली, 'मास्तरांची बिअर' हे नाव वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. मी शिक्षक दिसतो, याला माझा इलाज नाही.

"आजोबा, असं घरी नाही काढता येत. त्याला घरगुती परवानाच नाही. काढलीय का?"

मी दाराकडे सरकलो. आण्णा शांतपणे म्हणाले, "काढली की. पर पडत न्हाय. म्हणून पुना न्हाय काढणार."

साहेबाने वही मिटून परत दिली. "आजोबा, मी फक्त पहिलं पान वाचलंय. घरी जा आणि जे असेल ते आजच ओतून टाका."

घरी येऊन पाच बाटल्या आण्णांनी मोरीत ओतल्या. मी लेंग्याची नाडी धरून बघत उभा होतो. फेस काय सुंदर आला होता. मग त्यांनी वहीतला सहाचा आकडा खोडून एक केला. तीन हजार दोनशे साठ भागिले एक. दोन ग्लास होते, म्हणजे ग्लास सोळाशे तीसला. कोल्हापुरात इतकी महाग बिअर कुणी प्यालं असेल तर त्याने पुढे यावं.

मी वही मागितली, फाडून टाकायला. आण्णा देईनात. ते आता दुसरीच वही बघत होते. बिजलीच्या रोजच्या दुधाची.

"मास्तर, दोन हप्त्यामागल्या ऐतवारी आपण काय केलतं? सोमवारी सकाळी लिटरभर दूध जादा हाय. मंगळवारी अर्धा लिटर. मग परत हाय तितकंच."

मी म्हणालो, "योगायोग."

"चोथा," काकू आतून म्हणाल्या. "घमेलं चाटूनपुसून साफ केलतं तिनं. आन माझ्याकडं बगून परत मागितलं."

पुढचे तीन आठवडे आण्णा जणू प्रयोगशाळेत परत गेले. दाण्याचा रस काढायचा नाही, उकळायचं नाही, फुलं नाहीत, यीस्ट नाही. नुसते मोड आलेले जव आणि मका, निम्म्या पेंडीच्या जागी. एक आठवडा दिले, एक आठवडा बंद, परत एक आठवडा दिले. रोज सकाळ-संध्याकाळ दूध मापून लिहिलं. दिले की दूध वर, बंद केले की खाली. परातींची रांग जिन्याखाली लागली, काकू त्यावर हात फिरवत जायच्या, आणि त्यांची मजुरी रोज वहीत पडायची. काकूंनी ती शनिवारी मागायला सुरुवात केली. आण्णा देऊ लागले. मोजून, पावती न घेता.

गणपतीच्या सुमाराला एकदा मी चौकटीत उभा राहून विचारलं, "आण्णा, बसतंय का?"

त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. मजुरीसकट लिटरचं पडतं अडुसष्ट रुपये.

"तुमची बिअर लई चांगली हाय मास्तर," ते म्हणाले. "त्यातनं बिअर तेवढी वजा केली की फायद्यात हाय."

दिवाळीच्या पाडव्याला सुहास आला. बापाने त्याच्यासमोर वही ठेवली. त्याने मोबाइलवर सगळं परत मोजलं, एकदा, दोनदा. मजुरीच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "ही काढली तर अजून कमी पडेल."

"ती काढायची न्हाय," आण्णा म्हणाले. "ती आदीपासनं धराय पायजे हुती."

सुहासने मोबाइल खिशात टाकला आणि आईकडे बघितलं. मग उठून त्यानेच बिजलीच्या शिंगांना रंग लावायला घेतला. शिंगांवर मोरपिसं, गळ्यात कवड्यांचा पट्टा, पायात घुंगरू. बिजली आरशात स्वतःकडे बघावं तशी आमच्याकडे बघत होती.

आमच्याकडे पाडव्याला म्हशी पळवतात. मालक मोटारसायकलवर पुढे, सायलेन्सर काढून फट्फट् आवाज करत, आणि म्हैस त्या आवाजामागे धावते. ज्याची म्हैस मालकाला सोडत नाही त्याचं नाव वर्षभर निघतं. दर वर्षी पेठेतला एक जण आण्णांना आपली गाडी द्यायचा. त्या वर्षी ऐनवेळी ती सुरूच होईना.

"मास्तरांची काढा," काकू म्हणाल्या.

मी गाडी काढली. मी आदल्याच महिन्यात विजेवरची स्कूटर घेतली होती, पेट्रोल परवडत नाही म्हणून, आणि पडतं काढून. तिला आवाजच नव्हता. कळ फिरवली तरी ती झोपलेल्या मांजरासारखी. पोरं हसायला लागली. "म्हशीला कळायचं कसं, मास्तर? मिस्ड कॉल देणार?"

आण्णा घरात गेले. येताना त्यांच्या हातात जिन्याखालची परात होती, मोड आलेल्या जवांनी भरलेली. ते माझ्यामागे उलटे बसले, माझ्या पाठीला पाठ लावून, परात मांडीवर, तोंड बिजलीकडे. सुहासने दावं सोडलं.

"चला मास्तर. हळू न्हाय."

मी चाललो. आजूबाजूला वीसेक गाड्या धडधडत होत्या, म्हशी उधळत होत्या, एक जण तर म्हशीला सोडून पुढेच निघून गेला. आम्ही आवाज न करता मधून चाललो होतो. मागून फक्त घुंगरांचा आवाज, जवळ, अजून जवळ, आणि आण्णांचा आवाज, "ये बाय, ये. रस न्हाय काढला ह्येचा, सगळं तुझंच हाय." चौकात मी चुकीच्या बाजूला वळलो. तिन्ही बाजूंना माणसं, लोक ओरडले. बिजली पण वळली. गर्दीतून वाट झाली आणि आम्ही सगळ्यांच्या पुढे मैदानात निघालो.

त्यानंतर आण्णा चार महिने होते. त्या चार महिन्यांतलं बरंच विसरलो. पण त्या पाडव्याला गाडीच्या आरशात दिसलेलं अजून दिसतं. वळून बघता येत नव्हतं, म्हणून मी आरशात बघितलं. आण्णांचं तोंड दिसलं नाही. दिसला तो पाठमोरा फेटा, खांद्यावरून डोकावणारा थर्मामीटरचा चंदेरी शेंडा, आणि त्याच्या वर, आरसा भरून, मोरपिसं लावलेली दोन शिंगं, परातीवर डोळा ठेवून धावत येणारी.